थापाडेमामांची कंटाळवाणी गोष्ट

थापाडेमामांचं खरं नाव तेवढं हजेरीपटावर होतं. बाकी साऱ्या हॉस्पिटलात, लिफ्टवाल्यापासून ते मोठ्या सरांपर्यंत, सगळ्यांचे ते थापाडेमामाच. नाव वॉर्डातल्या मुलांनी ठेवलेलं, आणि मामांना ते एखाद्या पदवीसारखं वाटायचं. एखादी नवी सिस्टर संकोचून नुसतं "अहो मामा" म्हणाली, तर ते तिला थांबवून सांगायचे, की नुसते मामा या हॉस्पिटलात चिक्कार आहेत, थापाडे मी एकटाच.

आता सोनोग्राफीच्या त्या खोलीत छताला पडदा लावलाय. मूल टेबलावर उताणं झोपलं की वर चित्रातली मांजरं धावायला लागतात, मूल टक लावून बघत राहतं आणि काम उरकतं. तिथे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरबाईंची त्याबद्दल काही तक्रार नाही. त्यांचे केस पिकलेत, हाताखाली शिकलेल्या तिघीचौघी दुसरीकडे मोठ्या हुद्द्यावर गेल्यात, आणि पडदा आल्यापासून कामाचा वेळ निम्म्यावर आलाय. पण अधूनमधून, पोटावरून फिरणारा हात एखाद्या बारीक धमनीवर स्थिर झाला, की बाईंच्या तोंडून नकळत "हं" निघतं. शेजारची नवी टेक्निशियन विचारते, काही म्हणालात का मॅडम. बाई नाही म्हणतात. आणि मग मामा त्यांना इतके आठवतात, की छतावरची ती मांजरं नकोशी होतात.

हा वॉर्ड लिव्हर बदललेल्या मुलांचा. मोठ्या माणसाच्या लिव्हरचा एक तुकडा काढायचा आणि तो लेकराच्या पोटात बसवायचा. कधी आईचा, कधी बापाचा, ज्याचा जुळेल त्याचा. तुकडा बसला, पोट शिवलं, की बाहेर बसलेल्या घरच्यांना वाटतं, सुटलो. पण खरी धास्ती तिथून पुढे असते. लिव्हरला रक्त आणणारी एक धमनी, आतड्यांकडून येणारी एक मोठी शीर, आणि वापरून झालेलं रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरा, हे सगळे सांधे हाताने शिवलेले असतात. लहान मुलाची ती धमनी किती मोठी असणार, सुतळीएवढी. तिच्यात एक गुठळी अडकली की इतक्या जणांची मेहनत आणि आईच्या पोटावरचा तो भलामोठा टाका पाण्यात. आणि पहिले दिवस निभावले तरी सुटका नाही. लिव्हर वाढतं, मूल वाढतं, सांधा मात्र होता तेवढाच राहतो, आणि काही महिन्यांनी एखादी शीर हळूच आवळली जाते. म्हणून या मुलांची सोनोग्राफी सारखी करावी लागते. सुरुवातीला सकाळ-संध्याकाळ, मग दिवसाआड, मग महिन्याला.

आणि नेमकी हीच गोष्ट मुलांना नको असायची. टाके दुखत असताना अनोळखी बाई पोटावर गार जेल ओतते आणि यंत्राची मूठ दाबून फिरवते, हे कोणतं मूल आनंदाने सोसेल? मुलं रडायची. रडलं की पोट उडतं, पोट उडालं की यंत्राच्या पडद्यावर नुसता चिखल. प्रत्येक वेळी झोपेचं औषध देणंही बरं नव्हतं. डॉक्टरबाई तेव्हा नव्या होत्या, शिडशिडीत होत्या, आणि राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. त्या मुलांवर कधी ओरडल्या नाहीत, पण मुलांना धरून ठेवणारी मोठी माणसं त्यांच्या तावडीतून सुटायची नाहीत.

असंच एक पोर एकदा किंचाळत होतं. आईने हात धरलेले, सिस्टरने पाय धरलेले, बाई घामाघूम. त्याला वॉर्डातून ढकलत आणणारे मामा दाराशी स्ट्रेचर धरून उभे होते. ते आपल्या जागेवरून, अगदी सावकाश, त्या पोराला म्हणाले, की बाळा, रड, पण जरा हळू रड, आत नवा भाडेकरू आलाय, दमून आत्ताच आडवा झालाय.

पोर हुंदका देता देता थांबलं. कोण भाडेकरू? मामांनी सांगितलं, तुझ्या पोटात आजच राहायला आलाय, सामानसुमान घेऊन. या बाई दार वाजवून विचारायला आल्यात, की नळाला पाणी येतंय ना? आता तो आतून काय उत्तर देतो ते ऐकू या. पोराने कान टवकारले. बाईंनी ती संधी साधली, धमनीवर यंत्र टेकवलं, आणि खोलीभर वाहत्या रक्ताचा आवाज घुमला, सूं-सूं, सूं-सूं. पोराने ओल्या डोळ्यांनी आईकडे बघितलं आणि सांगितलं, आलं पाणी.

बाईंनी त्या दिवशी मामांचे आभार मानले नाहीत. उलट, तपासणी चालू असताना बोलायचं नसतं, असं सुनावलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पुढचं मूल टेबलावर भोकाड पसरून पडलं असताना, कालचे ते बडबडे गृहस्थ कुठे आहेत, असं त्यांनीच विचारलं. तेव्हापासून मामा तिथलेच झाले. टेबलाच्या डोक्याशी एक स्टूल आलं. जेलची बाटली गरम पाण्याच्या मगात ठेवायची अक्कलही मामांचीच, आणि हे आपल्याला आधी का सुचलं नाही म्हणून बाई पुढे कित्येक दिवस स्वतःवर चिडून होत्या.

भाडेकरूच्या त्या गोष्टीला मग फांद्या फुटत गेल्या. भाडेकरूचा एक बोका होता, तो शिट्टी वाजवायचा. त्याची एक ट्रंक होती, तिच्यात समुद्र होता, पण उन्हाळ्यापुरताच. मामांची गोष्ट कधी संपायची नाही. जेल पुसलं की ती जिथल्या तिथे थांबायची, आणि पोरं दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारायची, आमची सोनोग्राफी कधी? ज्या खोलीचं नाव काढलं की पलंगाखाली लपायची, तिथे जायला ही पोरं रांग लावतात, हे बघून मोठे सर एकदा म्हणाले होते, की हा माणूस शाळेत असता तर मी शिकलो असतो.

डॉक्टरबाई आणि मामा यांचं एक तंत्रही जमून गेलं. चांगलं चित्र घ्यायचं तर एक क्षणभर श्वास थांबलेला हवा. मोठ्या माणसाला सांगता येतं, श्वास धरा. चार वर्षांच्या मुलाला काय सांगणार? पण मामा ऐन रंगात आलेले असताना थबकले, की मूल आपोआप श्वास रोखून धरायचं. तेव्हा बाईंनी खुणेसाठी हुंकार ठरवला. बाईंचे दोन्ही हात गुंतलेले असायचे. नेमकी जागा सापडली की त्या "हं" म्हणायच्या. मामा त्या शब्दावर थांबायचे, मूल श्वास धरायचं, बाई बटण दाबायच्या. मुलांना वाटायचं, डॉक्टरबाईसुद्धा गोष्ट ऐकतायत. बाई खरंच ऐकत होत्या, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

एवढं बोलणारा माणूस, पण त्याच्या घरचं कुणालाही काही ठाऊक नव्हतं. विचारलं नव्हतं असं नाही. सिस्टर मंडळींना त्यांनी सांगितलं होतं, की आपल्याला सात मुली, सगळ्या पहिलवान. लिफ्टवाल्याला सांगितलं होतं, की आपण सर्कसवाल्याचे जावई, सासऱ्याशी भांडण झालं म्हणून इथे. बाईंनी एकदा विचारलं, तेव्हा ते म्हणाले, आमच्या घरी फार गर्दी असते डॉक्टरबाई, म्हणून तर ड्युटी संपली तरी मी रेंगाळतो. सगळे हसले, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्या तंत्रात एक खोट होती. ती लक्षात आली ती एका गोलमटोल मुलाच्या पायी. लिव्हरकडून हृदयाकडे रक्त नेणारी जी शीर असते, तिच्यातला प्रवाह पडद्यावर वरखाली नाचणाऱ्या रेघेसारखा दिसतो. शीर आवळली गेली तर रेघ सपाट होते. त्या मुलाची रेघ सपाट आली. बाईंनी दोनदा बघितलं, तीनदा बघितलं, सपाटच. त्यांनी तसं लिहिलं. मुलाला भूल दिली, मानेतल्या शिरेतून तार घातली, सांध्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजला. दोन्हीकडे सारखा. शीर ठणठणीत होती. पण तार घातली तिथे रक्त साकळलं, मान सुजली, आणि ते मूल आठवडाभर एका कुशीवर पडून राहिलं.

मोठे सर मग स्वतः सोनोग्राफी बघायला येऊन उभे राहिले. मामा गोष्ट सांगत होते. ट्रंकेचं झाकण उघडत होतं, मुलाने श्वास धरला होता, आणि रेघ सपाट. मामा पुढे बोलले, मुलाने श्वास सोडला, रेघ नाचायला लागली. दम रोखून पोट ताणलं की ही शीर दाबली जाते, आणि रेघ थोडा वेळ सपाट दिसते, हे पुस्तकात होतंच. बाईंनी ते वाचलंही होतं. फक्त एखादा मामा दर तपासणीला पोराचा दम कोंडून ठेवतो, हे पुस्तकवाल्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"म्हणजे यांनी थाप मारली," सर थंडपणे म्हणाले, "आणि मशीनने ती खरी मानली."

ते दोघांनाही फार लागलं. मामा रोज त्या मुलाच्या पलंगाशी जाऊन बसायचे, पण गोष्ट सांगायचे नाहीत, नुसते बसायचे. पुढे नियम झाला, की त्या शिरेची तपासणी असली की गोष्ट सपाट रस्त्याने न्यायची, वळणं घ्यायची नाहीत. मामांनी तो नियम जमेल तसा पाळला. म्हणजे फारसा नाही.

आणि मग आली भिंगरी.

भिंगरी सहा वर्षांची. एका जागी तिचा पाय ठरायचा नाही म्हणून आजीने ते नाव ठेवलेलं. तिला लिव्हरचा तुकडा दिला होता आत्याने. आत्या एका शाळेत मुलांना पळायला आणि उड्या मारायला शिकवायची, आणि ऑपरेशननंतर महिनाभर तिला शिट्टी वाजवायला बंदी होती, हेच काय ते तिचं दुःख. पोटावरचे व्रण दोघींचे सारखे. भिंगरी लोकांना सांगायची, आत्याचं लिव्हर आणि माझं लिव्हर सख्ख्या बहिणी आहेत, फक्त एक लग्न होऊन माझ्याकडे आलीय. हे वाक्य तिला कुणी शिकवलं असेल हे सांगायची गरज नाही.

मामांचा तिच्यावर जीव होता. सगळ्या पोरांवर होता, पण भिंगरीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. बाकीची मुलं मामा थबकले की श्वास धरायची, ही मामांनी तोंड उघडताच धरायची. गोष्टीत नुसता कुणी पायऱ्या चढत असला तरी हिचे डोळे विस्फारलेले. आणि मामा खोलीत नसले तर हिला टेबलाजवळसुद्धा नेता यायचं नाही, इतकी ती त्या यंत्राला घाबरायची.

काही महिने सगळं सुरळीत होतं. मग एका तपासणीला ती आली ती थोडी गुबगुबीत दिसत होती. आत्या खूश होती, वजन वाढलंय, जेवतेय म्हणून. डॉक्टरबाईंनी पोटावर हात ठेवला आणि त्यांना ते वजन काही आवडलं नाही. रक्ताचे रिपोर्टही किंचित घसरलेले. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं, आणि बाहेर जाणाऱ्या शिरेतली रेघ सपाट आली.

मामा म्हणाले, माझ्यामुळे. बाईंनाही तेच वाटलं, किंवा तेच खरं निघावं असं वाटलं. मामांना गप्प बसवलं, तर भिंगरी "मग? मग काय झालं?" करत उठून बसायला लागली. मामांना बाहेर पाठवलं, तर तिने किंकाळ्या फोडल्या. मामांना परत बोलावलं, तर तिने दम धरला. बाईंनी हात टेकले. झोपेचं औषध द्यावं, तर पोरीला सर्दी होऊन छाती घरघरत होती, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, की निव्वळ फोटो काढण्यासाठी मी या छातीला हात लावणार नाही. मोठ्या सरांकडे गेल्या तर त्यांनीही तेच ऐकवलं, वेगळ्या शब्दांत. शीर आवळलीय याची खात्री असेल तर छातीतली सर्दीही मी बघून घेईन, आज घेईन. पण नुसत्या शंकेवर पुन्हा एका पोराच्या मानेत तार घालणार नाही. आणि शीर खरंच आवळली असेल तर थांबणंही बरं नाही, लिव्हर आतल्या आत फुगत जाईल, आणि गेलं की गेलं. दोन्ही खरं होतं.

बाई परत आल्या तेव्हा मामा खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. त्या तशा कधी बसायच्या नाहीत.

"मामा, आज एक कंटाळवाणी गोष्ट सांगायची."

"कंटाळवाणी म्हणजे?"

"जिच्यात काही होत नाही."

"काही होतच नाही, तर ती गोष्ट कसली?" मामांना खरोखरच अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

बाईंनी समजावलं. पोरीने रडायचं नाही आणि दमही धरायचा नाही. साधा श्वास घेत पडून राहायचं. म्हणजे तिला मामा तर हवेत, पण पुढे काय होणार याची उत्सुकता नको. तशात रेघ नाचली, तर शीर बरी आहे. तशातही सपाट आली, तर आवळलीय, आणि मग सरांना सांगता येईल.

 मामा म्हणाले, "माझ्याच थापेचा दोष असू दे डॉक्टरबाई. मी जन्मभर शिव्या खाईन. पण पोरीचं काही नको."

"मलाही तेच हवंय," बाई म्हणाल्या.

भिंगरी टेबलावर झोपली. आत्या कोपऱ्यात उभी राहिली. बाईंनी कोमट जेल लावलं. मामा स्टुलावर बसले, घसा खाकरला, आणि सगळ्या जन्मात पहिल्यांदाच, काय सांगावं या विचारात पडले.

"एक माणूस होता."

"राजा?" भिंगरीने विचारलं.

"नाही. माणूस. साधाच."

"चोर?"

"चोर कसला! तो सकाळी उठला. आणि खिडकी उघडून बघतो तर काय..."

"मामा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"तर काही नाही. रस्ता. कालचाच."

भिंगरीने थोडी वाट बघितली. रस्त्यावर काही येईल असं तिला वाटत होतं. काही आलं नाही. मामा पुढे निघाले. त्या माणसाने पाणी तापवलं. पाणी तापलं. अंघोळ केली. शर्ट घातला. आणि शर्टाचं वरचं बटण... इथे मामांच्या डोळ्यांत ती ओळखीची चमक आली. ते बटण आता उडी मारून कुठेतरी पळणार, हे बाईंनी ताडलं आणि त्या जोरात खोकल्या. बटण जागेवर होतं, मामा पडेल आवाजात म्हणाले, त्याने ते लावलं. कोपऱ्यात आत्याने तोंडावर हात दाबून धरला होता, तिचे खांदे हलत होते. बाईंनाही हसू येत होतं, पण हात हलून चालणार नव्हतं.

मग तो माणूस बसस्टॉपवर गेला. बस आली का? आली. भरली होती? नाही, जागा होती, बसला. भिंगरीचे प्रश्न विरळ व्हायला लागले. पण मामांची पंचाईत वाढली. थापा मारायला त्यांना कधी विचार करावा लागत नसे. काही घडत नाही असा दिवस रचायचा म्हणजे मात्र डोंगर फोडण्याचं काम, आणि दर वाक्याला काहीतरी घडू बघत होतं. शेवटी त्यांनी रचणं सोडून दिलं. तो माणूस कामावर जातो, ते म्हणाले. जाऊन चादरी मोजून घेतो. स्ट्रेचरची चाकं कुरकुरत असतील तर त्यांना तेल घालतो. बाटल्या गरम पाण्यात ठेवतो. दुपारी लिफ्टच्या मागे एक बाक आहे, तिथे बसून डबा खातो. डब्यात काय? काल होतं तेच.

बाईंनी मान वर केली नाही, पण हे कुणाचं चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं होतं.

भिंगरीने जांभई दिली. तिचं पोट बाईंच्या हाताखाली हळूहळू वर जात होतं, खाली येत होतं. दम धरलेला नव्हता, रडू नव्हतं. इतका साधा श्वास त्या पोरीने या टेबलावर कधी घेतला नव्हता. बाईंनी यंत्र त्या शिरेवर आणलं.

रेघ सपाट होती.

त्यांनी कोन बदलला. पुन्हा बघितलं. मामा बोलतच होते, थांबा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळ होते, ते सांगत होते. तो माणूस जरा रेंगाळतो. मग बसने परत जातो. जिना चढतो. रेघ सपाट. सांध्यापाशी शीर निमुळती झालेलीही आता स्पष्ट दिसत होती, रक्त तिथून जोर करून निघत होतं. बाई मोजत राहिल्या, बटणं दाबत राहिल्या. मामा पडद्याकडे बघत नव्हते, ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तिथे त्यांना जे दिसायचं ते दिसलं असावं, कारण त्यांचा आवाज खाली खाली गेला.

"मग तो कुलूप काढतो," मामा म्हणाले. "घरी कोणी नसतं. बायको होती, ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. मग तो दिवा लावतो."

भिंगरी झोपली होती.

मामा आणखी थोडा वेळ बोलत राहिले. मग बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि पोटावरचं जेल पुसलं. इतकी वर्षं हा माणूस आपल्या कानाशी बसून बोलत होता आणि आपल्याला हे ठाऊक नव्हतं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की आत्या काय विचारतेय ते त्यांना आधी कळेचना. आत्या विचारत होती, काय आहे डॉक्टर. बाईंनी तिला खरं ते सांगितलं. मग त्या सरांकडे गेल्या, आणि या वेळी त्या गेल्या तशाच सरांना घेऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला आत नेलं. मानेतल्या शिरेतून तार गेली, सांध्यापर्यंत पोचली, दाब मोजला तर दोन्हीकडे जमीन-अस्मानाचा फरक. मग त्या तारेवरून एक बारीकसा फुगा सरकवून तिथे फुगवायचा आणि आवळलेली जागा आतून ताणून मोकळी करायची, असं काम. बाहेर बाकावर आत्या आणि मामा. आत्याने आयुष्यभर मुलांना पळवलं होतं, तिला आता एका जागी बसवत नव्हतं, ती येरझारा घालत होती. ती मामांना म्हणाली, मामा, काहीतरी बोला हो. मामा तोंड उघडायचे आणि मिटायचे. थापाडेमामांना शब्द सुचत नाहीत, ही बातमी लिफ्टवाल्याने तेवढ्या वेळात सगळ्या मजल्यांवर पोचवली. एकेक जण येऊन त्यांच्याशेजारी बसून जात होता.

सर बाहेर आले. शीर नाडी ओढलेल्या पिशवीसारखी झाली होती, त्यांनी आत्याला सांगितलं, आता उघडलीय, दाब उतरलाय. पोर वाढेल तशी ती पुन्हा आवळू शकते, नजर ठेवावी लागेल, तेव्हा पुन्हा फुगा घालू. आज सगळं ठीक आहे. आत्या मटकन बाकावर बसली. सर मामांकडे वळले. मामा उठून उभे राहिले.

"तुमची गोष्ट अतिशय कंटाळवाणी झाली असं ऐकलं," सर म्हणाले. "शाबास."

त्यानंतरची पहिली सोनोग्राफी डॉक्टरबाईंना सगळ्यांत जास्त आठवते. मानेला पट्टी लावलेली भिंगरी टेबलावर, डोळे लुकलुकते, सर्दी तशीच. बाईंनी धीर एकवटून शिरेवर यंत्र टेकवलं. रेघ वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. बाईंनी मामांकडे बघून मान हलवली. मामांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि मग हात चोळले. शीर बघून झाली होती, आता नियम नव्हता, अट नव्हती. त्यांनी या दिवसासाठी एक जंगी गोष्ट तयार ठेवली होती, तिच्यात उडणारं टपाल कार्यालय होतं आणि दोन डोक्यांचा स्टेशनमास्तर.

"ही नको," भिंगरी म्हणाली. "त्या माणसाची सांग."

"कुठल्या?"

"तो कुलूप काढतो ना, त्याची. मला मधेच झोप लागली."

मामांनी बाईंकडे बघितलं. बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

"त्यात काही होत नाही गं," मामा म्हणाले.

"होतं. तो घरी जातो. घरी कोणी नसतं. मग?"

"मग तो दिवा लावतो."

"मग?"

"मग जेवतो. भांडं धुऊन ठेवतो. झोपतो."

"आणि सकाळी?"

मामा थबकले. बाईंनी हुंकार दिला नव्हता. भिंगरीने डोळे विस्फारून श्वास धरला, पडद्यावरची रेघ सपाट झाली, आणि डॉक्टरबाईंना तिची जराही भीती वाटली नाही.

"सकाळी उठून तुझ्याकडे येतो," मामा म्हणाले.

भिंगरीने श्वास सोडला.